स्पिरिटचा स्टोव्ह: आधी बाटलीतले इंधन ओळखा, मग बर्नर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघेजण सह्याद्रीत एक-दोन रात्रींचे ट्रेक करतात. शीतपेयाच्या कॅनपासून दुहेरी भिंतीचा, कडेला बारीक भोके असलेला स्टोव्ह घरी केला आहे. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के स्पिरिटवर तो धड पेटत नाही, भोकांतून ज्योत येते आणि विझते. आयपीएवर, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलवर, पेटतो. पण पातेले काळेकुट्ट होते. इंधन बदलावे की बर्नर? मिथेनॉल वापरले तर? आणि हाच स्टोव्ह पुढे हिमालयात चालेल का?

आधी इंधन बदला. ९५ टक्क्यांच्या आसपासचे, मिथेनॉल न मिसळलेले डिनेचर्ड (पिण्यालायक राहू नये म्हणून भर घातलेले) इथेनॉल मिळवा, म्हणजे निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. बर्नरही बदला असे मी म्हणेन, पण तो बिघडला आहे म्हणून नव्हे. दुहेरी भिंतीचा बर्नर इंधनाच्या बाबतीत फार चोखंदळ असतो, आणि आपल्याकडे दर वेळी एकाच प्रतीचे स्पिरिट हाती येईल याची खात्री नाही. मिथेनॉल नको. कारणे पुढे येतीलच.

स्पिरिटच्या स्टोव्हचे बहुतेक प्रश्न एका हिशोबात सापडतात: किती इंधनाला किती हवा लागते. १ मिली इथेनॉल पूर्ण जळायला सुमारे ६ लिटर हवा लागते. आयसोप्रोपिलला पावणेसात, मिथेनॉलला सव्वाचार. यामागे रेणूची घडण आहे. मिथेनॉलच्या वजनात निम्मा ऑक्सिजन असतो, इथेनॉलमध्ये सुमारे ३५ टक्के, आयसोप्रोपिलमध्ये जेमतेम २७. रेणूत ऑक्सिजन जितका कमी, तितका तो बाहेरून जास्त मागणार, आणि मिळाला नाही की उरलेला कार्बन काजळी होऊन भांड्याच्या बुडाला बसणार. तुमच्या स्टोव्हची भोके आणि भांड्याची उंची इथेनॉलच्या बेताची आहेत. त्यात आयसोप्रोपिल ओतले की वाफ तितकीच सुटते, पण तिला पुरेल इतकी हवा ज्योतीत शिरत नाही. पातेले काळे होते ते यामुळे.

उष्णतेच्या बाबतीत मात्र क्रम उलटा लागतो. आयसोप्रोपिल मिलीमागे जवळपास २४ किलोज्यूल देते, ९५ टक्के इथेनॉल २०, मिथेनॉल १६ च्या आत. म्हणून आकडे पाहणाऱ्याला आयपीए स्वस्त आणि ताकदवान वाटते. पण ती जास्तीची उष्णता स्वच्छ जळण झाले तरच मिळते. साध्या उघड्या बर्नरवर त्यातला बराच भाग पिवळ्या ज्योतीत आणि काजळीत जातो, शिवाय काजळी धरलेले पातेले सॅकमधले सगळे कपडे खराब करते. आयपीएच हाताशी असेल (मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट पुसायला ते सर्रास मिळते), तर त्यात दहावा हिस्सा पाणी मिसळा आणि भांडे सेंटिमीटरभर वर उचला. काजळी कमी होते, जात नाही. इथेनॉलच्या बाटलीत पाचवा हिस्सा आयपीए गेले तर मात्र काही बिघडत नाही.

आता ७० टक्क्यांचे स्पिरिट. कागदावर त्यातही मिलीमागे १४ किलोज्यूल आहेत. पण जळताना अल्कोहोल आधी उडते आणि पाणी मागे उरत जाते. सुरुवातीला बरी दिसणारी ज्योत पाच मिनिटांनी मलूल होते आणि तळाशी न जळणारे पाणी शिल्लक राहते. दुहेरी भिंतीच्या बर्नरमध्ये हे अधिकच जाचक ठरते, कारण तिथे भोकांतून जोर लावून बाहेर पडण्याइतकी वाफ भिंतींच्या मधल्या फटीत तयार व्हावी लागते. पाणी उष्णता खाते आणि स्वतःची वाफ ज्योतीत मिसळून तिला पातळ करते. भोकांतल्या ज्योती, म्हणजे जेट, विझतात त्या म्हणून. सॅनिटायझरचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या पातळ सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल असते, पण सोबत दीड टक्क्याच्या आत-बाहेर ग्लिसरीनही असते. ते जळून चिकट थर होतो आणि बारीक भोके बुजवतो. घट्ट जेल तर बर्नरमध्ये घालूच नका. औषधाच्या दुकानात ‘सर्जिकल स्पिरिट’ या नावाखाली वेगवेगळे द्रव मिळतात: काहींत इथेनॉल, काहींत आयसोप्रोपिल, काहींत एरंडेल तेलासारखी भर. बाटलीवरचे घटक आणि टक्के वाचल्याशिवाय घेऊ नका.

मिळवायचे कुठून? लाकडाला फ्रेंच पॉलिश करणारे चपडा लाख ज्या स्पिरिटमध्ये विरघळवतात, ते रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातले स्पिरिट हे आपल्याकडचे नेहमीचे इंधन. साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेले इथेनॉल पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात कडू किंवा विषारी द्रव्य घालतात, आणि बऱ्याचदा रंगही. महाराष्ट्रात या व्यवहारावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे, म्हणून परवानाधारक दुकानातून, लेबल असलेल्या बंद बाटलीत, गरजेपुरतेच घ्या. सुटे, बिनलेबलाचे, ‘स्पिरिटच आहे साहेब’ म्हणून कॅनमधून ओतून दिलेले घेऊ नका. त्यात मिथेनॉल किती आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

मिथेनॉलला इतका विरोध का? ते जळते छान, म्हणूनच त्याचा मोह होतो. काजळी शून्य, थंडीत चटकन पेटते, आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. पण शरीरात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्याची नस जाते. १० मिली दृष्टी घालवू शकते, ३० मिली जिवावर बेतू शकते. वाफ श्वासातून जाते, द्रव कातडीतूनही आत शिरतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळेच. ट्रेकमध्ये अंधारात, थंडीत, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांतून कोणीतरी पाणी शोधत असते. शिवाय उष्णता कमी, म्हणजे वजन जास्त: जिथे इथेनॉल १०० मिली पुरते तिथे मिथेनॉल सव्वाशे मिली न्यावे लागते. एवढा धोका पत्करून काजळी घासायची चार मिनिटे वाचवणे हा व्यवहार मला पटत नाही.

बाटलीत काय आहे ते घरी तपासण्याच्या दोन सोप्या पद्धती आहेत. पहिली वजनाची. प्रयोगशाळेच्या मोजनळीत १०० मिली घ्या आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, नळीचे वजन वजा करून. खोलीच्या तापमानाला ९५ टक्के इथेनॉल सुमारे ८१ ग्रॅम भरते, ९० टक्के ८३, ७० टक्के ८८ ते ८९. दुसरी जाळून पाहण्याची. उघड्यावर, स्टीलच्या सपाट ताटलीत १० मिली पेटवा आणि पूर्ण विझू द्या. ताटली जवळजवळ कोरडी राहिली तर उत्तम. चमचाभर पाणी राहिले तर पाणीदार. चिकट किंवा पांढरा थर राहिला तर भर घातलेली, बर्नरला नालायक. मात्र मिथेनॉल यातल्या कोणत्याही परीक्षेत उघडे पडत नाही. त्याचे वजनही १०० मिलीला ७९ ग्रॅमच्या आसपास, आणि मिश्रणात ज्योतीच्या रंगावरून ते ओळखता येत नाही. त्याबाबत भरवसा लेबलावरच.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही या बर्नरमध्ये घालू नका, थोडेसेसुद्धा. उघड्या वाटीतले पेट्रोल जळत नाही, भडकते.

आता बर्नर. स्पिरिटच्या स्टोव्हला पंप नाही, झडप नाही, चावी नाही. आच ठरते द्रवाचा पृष्ठभाग किती उघडा आहे आणि तो किती तापतो यावरून. बाजारात आणि घरगुती मिळून डझनभर नमुने दिसतात, कामाचे तीन.

पहिला पितळी. याचा आदर्श नमुना म्हणजे स्वीडनमधल्या ट्रांग्स्विकेन गावच्या ट्रँजिया कंपनीचा. कंपनी १९२५ ची, आणि वाऱ्यातही चालणारा तिचा संच १९५१ पासूनचा. बर्नर एकटा सुमारे ११० ग्रॅम, पण जाड पितळ उष्णता धरून ठेवते, म्हणून ज्योत एकसारखी राहते. सुमारे १०० मिली भरले की पंचवीस मिनिटांच्या आसपास जळतो. दोन गोष्टींमुळे तो घरगुती कॅनपेक्षा वेगळा ठरतो: आच कमी करणारी सरकती चकती, आणि रबरी वॉशरचे आटे असलेले झाकण, ज्यामुळे उरलेले इंधन आतच नेता येते. ते झाकण बर्नर गरम असताना लावले की वॉशर वितळतो आणि पुढच्या वेळी सॅकमध्ये स्पिरिट गळते. विझवायला चकती पूर्ण बंद करून वर टाकायची, झाकण थंड झाल्यावर. काजळी येत असेल तर इंधनात १० टक्क्यांपर्यंत पाणी घाला, असे ही कंपनी स्वतःच सांगते. दोघे असाल आणि भात-खिचडी शिजवणार असाल, तर हे शंभर ग्रॅम ओझे वाटत नाही.

दुसरा बाजूला भोके असलेला एकेरी डबा. तुम्ही करावा असा हाच. ८५ ग्रॅमच्या मांजरखाद्याचा किंवा छोट्या टूनाचा, साधारण ६५ मिमी व्यासाचा आणि ४० मिमीच्या आतबाहेर उंचीचा डबा घ्या. कागदाला भोके पाडायच्या पंचने, म्हणजे ६ मिमीची, भोकांची एक रांग वरच्या काठापासून ६-७ मिमी खाली पाडा, साधारण १६ भोके. दुसरी रांग तिच्या खाली, तितक्याच भोकांची, पहिल्या रांगेच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी. भोकांच्या धारेला काचपेपर लावा, नाहीतर बोटे कापतात. यात ३० मिली ओतले तर पातळी ९ मिमीच्या आसपास राहते, खालच्या रांगेच्या बरीच खाली. पेटवल्यावर २० ते ३० सेकंद थांबायचे. द्रव तापून ज्योत फुलली की सरळ डब्यावरच भांडे ठेवायचे. वरचे तोंड बंद झाल्यामुळे ज्योत भोकांतून बाहेर पडते. भांडे घाईने ठेवले तर ज्योत गुदमरते. भांडे बुडाला १२ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल, तर ज्योती कडेने वर निसटतात आणि इंधन वाया जाते. मग तारेच्या तिकाटण्यावर भांडे ३० मिमी वर धरून डबा उघडा जाळा. सव्वा लिटरचे भरलेले पातेले ६५ मिमीच्या डब्यावर डगमगते, म्हणून खिचडीसाठी तिकाटणे हवेच.

या डब्याचा मोठा गुण म्हणजे तो भेद करत नाही. ९० टक्के असो, ९५ असो, थोडे आयपीए मिसळलेले असो, चालतो. भोके मोठी म्हणून बुजत नाहीत, आणि पायाखाली चेपला तरी घरी दहा मिनिटांत दुसरा होतो.

तिसरा तुमचा, दुहेरी भिंतीचा. रुंद कॅनचे दोन तळ एकात एक, मध्ये पत्र्याची आतली भिंत, तिच्या खालच्या काठाला तीन खाचा, आणि कडेला १ मिमीची १६ ते २४ भोके. योग्य इंधनावर तो देखणा चालतो. पण चार ठिकाणी फसतो. जोड घट्ट बसला नाही की भोकांऐवजी जोडातूनच ज्योत निघते. अशा कॅनवर डिंक-सील लावण्यात वेळ घालवू नका, दुसरी कॅन घ्या. भोके टाचणीऐवजी खिळ्याने पाडली की मोठी होतात, वाफेचा जोर राहत नाही आणि ज्योत पिवळी लोंबते. पेटवल्यावर कॅन स्वतः तापायला थंडीत मिनिटभर लागते. त्याआधी थंड पाण्याचे भांडे वर आले की बर्नरला परत मिळणारी उष्णता भांडे खाते आणि जेट मरतात. चौथी अडचण उलटी आहे आणि जास्त धोक्याची. वाऱ्यासाठी लावलेला आडोसा फार जवळ घेतला की परावर्तित उष्णतेने आतले स्पिरिट ७८ अंशांना उकळू लागते. वाफ वाढते, ज्योत वाढते, त्याने आणखी वाफ. ज्योत भांड्याच्या वर हातभर जाते. असे झाले की फुंकू नका, हातही घालू नका. लांब काठीने आडोसा दूर सारा आणि जळून संपू द्या. एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या कातळावर हे सहज घडते. बर्नरखाली पातळ लाकडी फळी किंवा घडी केलेला फॉइल ठेवला तर खालून येणारी उष्णता अडते.

कार्बन फेल्ट (कार्बनच्या तंतूंचा जाड नमदा) भरलेले बर्नरही मिळतात. सांडले तरी इंधन पसरत नाही, हा त्यांचा खरा फायदा. घरी भरायला इमारतीचे काचलोकर वापरू नका. त्याचे तंतू सुटतात आणि घशात जातात.

आडोशाकडे दुर्लक्ष झाले की बर्नर कितीही चांगला असो, पाणी उकळत नाही. स्पिरिटची ज्योत मऊ असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा किंवा कळसूबाईच्या माथ्यावरची झुळूकसुद्धा तिला भांड्याखालून ढकलून देते. गॅसचा बर्नर अडीच-तीन किलोवॅटचा. आपला जेमतेम एकचा. वाऱ्यात गमावायला उष्णता उरतच नाही. बेकरीच्या जाड फॉइल ट्रेपासून पट्टी कापा. उंची भांड्याच्या तीन-चतुर्थांशापर्यंत, भांड्याभोवती १० मिमीची फट, आणि खालच्या काठाला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, भोकांची रांग. ही भोके किती? २० मिली स्पिरिट सात मिनिटांत जाळायचे तर मिनिटाला किमान १७ लिटर हवा आत यायला हवी, आणि प्रत्यक्षात जवळपास दुप्पट. पंचची दोन-चार भोके पुरणार नाहीत, पंचवीस-तीस हवीत. हवा कमी पडते आहे हे नाकाला आधी कळते: डोळे चुरचुरतात आणि तिखट, आंबूस वास येतो. म्हणजे स्पिरिट अर्धवट जळते आहे आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो आहे. तंबूत किंवा दार लावलेल्या खोपीत हा स्टोव्ह पेटवू नये याचे हेही एक कारण.

किती न्यायचे याचा हिशोब करता येतो, अंदाजावर सोडू नका. अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला १६७ किलोज्यूल लागतात. चांगल्या आडोशात निम्मी उष्णता भांड्यात जाते, म्हणजे १ मिलीला १० किलोज्यूल. सतरा मिली झाले. झाकण ठेवून प्रत्यक्षात १८ ते २५. दोघांच्या एका रात्रीचा बेत मांडू: संध्याकाळी अर्धा लिटर चहा २० मिली, मूगडाळ-तांदळाच्या खिचडीला एक लिटर पाणी आणि नंतरची मंद आच मिळून ५५, सकाळचा चहा २०, पोहे किंवा नूडल्सचे पाणी २५. एकूण १२०, वाऱ्यासाठी चौथाई जास्त धरून १५० मिली. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. हीच या स्टोव्हची जमेची बाजू. शंभर ग्रॅम गॅसचा डबा भरलेला दोनशे ग्रॅमच्या आसपास जातो आणि रिकामा परत आणावा लागतो.

खिचडीचे इंधन वाचवायचा उपाय घरोघरी ठाऊक असलेलाच आहे. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजत घाला. एकदा खळखळून उकळी आली की पाच-सात मिनिटे मंद आच. मग पातेले झाकण लावून शालीत किंवा बुडबुड्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळून वीस मिनिटे दमावर ठेवा. मंद आचेसाठी डब्याच्या झाकणाला २० मिमीचे भोक पाडून ते तोंडावर ठेवायचे आणि भांडे तिकाटण्यावर घ्यायचे. बाजूला भोके असलेल्या डब्यावर ही युक्ती नीट चालत नाही, म्हणून मंद आचेसाठी भोके नसलेला दुसरा छोटा डबा ठेवा. चहात दूध उकळायला घालू नका. आच पटकन कमी करता येत नाही, दूध उतू जाते आणि बर्नर भरतो. कोरा चहा उकळून खाली उतरवा, दूध पावडर नंतर.

थंडी आणि उंची हे वेगवेगळे प्रश्न आहेत. ९५ टक्के इथेनॉलवर पेट घेण्याइतकी वाफ जमायला द्रव सुमारे १५ अंशांना असावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत गडावर पहाटे ठिणगीने ते पेटत नाही, ते याचमुळे. रात्री छोटी बाटली स्लीपिंग बॅगेत घ्या, आणि पेटवताना चकमक नको, काडी किंवा लांब तोंडाचा लायटर द्रवाला जवळ धरा. उंचीवर पाणी लवकर उकळते: दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. हिमाचलातल्या हामटा खिंडीच्या ४,२७० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे तांदूळ-डाळ शिजता शिजत नाही, म्हणून पोहे, भाजलेला रवा, नूडल्स, घरी शिजवून वाळवलेला भात असेच न्या. हवाही विरळ असते; आडोशाची फट दीडपट करा. बर्फ वितळवून पाणी करायचा बेत असेल तर स्पिरिट विसरा. एक लिटर पाणी बर्फापासून उकळीपर्यंत न्यायला साडेसातशे किलोज्यूल, म्हणजे ७५ मिली जातात. चारजणांसाठी रोजचा स्वयंपाक करायचा असेल तरीही गॅस किंवा पंपाचा स्टोव्हच बरा.

भाजण्याचे अपघात बहुतेक एकाच चुकीने होतात: विझला असे वाटून गरम बर्नरमध्ये पुन्हा ओतणे. दिवसा निळी ज्योत दिसत नाही. ओतलेल्या धारेवरून आग बाटलीत चढते आणि बाटलीतली वाफ समोरच्या माणसावर भडका मारते. म्हणून नियम असा ठेवा. विझल्यावर तळहात एक वीत वर धरून ऊब तपासा, पाच मिनिटे थांबा, धातूला हात लागतो आहे का पाहा. ओतायचे ते मोठ्या बाटलीतून नाही, ३० मिलीच्या मापातून, आणि मोठी बाटली बूच लावून तीन पावले लांब. विझवायला मोठे धातूचे झाकण किंवा ओले फडके. स्पिरिट पाण्यात विरघळते, त्यामुळे भरपूर पाण्याने विझते. पण पेलाभर पाणी फेकले तर जळते स्पिरिट उडून पसरते. बाटली जाड एचडीपीई प्लास्टिकची, पेयाची नव्हे, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘विष, इंधन’. फेब्रुवारी ते मे गवत वाळलेले असते. सपाट दगड निवडून भोवती मीटरभर जागा साफ करा. रायगड, शिवनेरीसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या हद्दीत ठरवून दिलेल्या जागेबाहेर स्वयंपाकाला १९५९ च्या नियमांनी मनाई आहे. तिथे खाली गावातच जेवण करावे.

प्रवासाचे आधीच ठरवा. रेल्वेत ज्वालाग्राही द्रव नेणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ६७ आणि १६४ कलमांखाली गुन्हा आहे, विमानात तर हातातही नाही आणि सामानातही नाही, एसटीतही नाही. सह्याद्रीत स्वतःच्या गाडीने जात असाल तर प्रश्न नाही. हिमालयात जाताना बर्नर रिकामा, धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात वाळवून न्या आणि इंधन मनाली, डेहराडून किंवा लेहमध्ये उतरल्यावर घ्या. तिथे जे मिळेल त्याची प्रत आधी कळणार नाही. यासाठीच मी भोकांचा डबा किंवा पितळी बर्नर सुचवतो. १ मिमीची भोके तिथे दगा देतील. परदेशात राहणाऱ्यांसाठी नावे लक्षात ठेवण्यासारखी: ब्रिटनमध्ये जांभळट मिथिलेटेड स्पिरिट, जर्मनीत ब्रेनस्पिरिटस, अमेरिकेत डिनेचर्ड अल्कोहोल. अमेरिकेत गाडीसाठी मिळणाऱ्या ‘हीट’ची पिवळी बाटली मिथेनॉलची असते, लाल आयसोप्रोपिलची. तिथल्या पश्चिमेकडच्या जंगलांत आगबंदी असताना चावीने बंद न होणारे स्टोव्ह चालत नाहीत, म्हणजे आपले सगळेच.

ट्रेकआधी अंगणात किंवा गच्चीवर एक मोजणी करा. ठरलेले इंधन २० मिली, ठरलेले भांडे झाकणासह, अर्धा लिटर पाणी, आडोसा लावून, घड्याळ हातात. सात ते नऊ मिनिटांत उकळी येऊन नंतर थोडी ज्योत उरली तर जोडी जमली. चार-पाच मिनिटांत इंधन संपले आणि पाणी नुसते गरम झाले, तर ज्योत मोठी आहे: भांड्याच्या कडेने ज्वाळा वर येत असतील, बर्नर लहान करा किंवा आडोसा मागे घ्या. बारा मिनिटे जळूनही उकळी नाही, तर इंधन पाणीदार आहे किंवा हवा कमी पडते आहे. आडोसा काढून वारा नसताना पुन्हा करून पाहिले की दोनपैकी कोणते ते कळते. बूड पिवळट-काळे झाले तर भांडे ५ मिमी वर घ्या, ज्योत निळी असूनही वेळ लागत असेल तर ५ मिमी खाली. दर बदलाला पुन्हा २० मिली, आणि जमलेली उंची तिकाटण्यावर खुणेने कोरून ठेवा.